सासरी झालेलं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत. माझं तसंच झालं, माझ्या आईचंही तसंच झालं होतं. माझ्या सुनेचं, अदितीचं, मात्र वारज्याला माझ्या घरी झालं, आणि माझ्या मोठं होण्याच्या या आठवणी लिहायला बसल्यापासून मी खरं तर याच प्रकरणाची वाट पाहत होते. माणूस अठराव्या वर्षी मोठं होतं असं म्हणतात, फार तर लग्नानंतर. माझ्या मोठं होण्याचा शेवटचा तुकडा एकसष्टाव्या वर्षासाठी शिल्लक राहिला होता. तोवर मी बत्तीस वर्षं सरकारी रोपवाटिकेत नोकरी करून निवृत्त झाले होते, नवरा गेल्याला चार वर्षं झाली होती, आणि आता आपल्याला नवीन काही शिकायचं नाही अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही बौद्ध. अदिती सदाशिव पेठेतली. पुण्यात याहून जास्त काही सांगावं लागत नाही. माझा मुलगा प्रशांत आणि ती खराडीला एकाच ऑफिसात होते. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. अदितीचे वडील ती कॉलेजात असतानाच वारले होते, आई एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या लग्नाला आल्या नाहीत. भांडल्याही नाहीत, रडल्याही नाहीत. "तुझा निर्णय तू घेतलास. माझा मी घेतला आहे," एवढं एक वाक्य मुलीला सांगून त्यांनी दार लावून घेतलं, ते तीन वर्षं उघडलं नाही. आमच्याबद्दल त्या कधी वाईट बोलल्याचं माझ्या कानावर आलं नाही. पण न बोलताही बरंच काही बोलता येतं, आणि ते मी जन्मभर ऐकत आले आहे, त्यामुळे मला ते ऐकू यायचं.

माघ नुकताच लागला होता तेव्हा एका सोनोग्राफीनंतर डॉक्टरीणबाईंनी अदितीला घरी जाऊच दिलं नाही. पाचवा महिना संपत आलेला. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडायला लागलं होतं. त्यांनी टाका घातला आणि सांगितलं, आता शक्य तितका वेळ आडवं राहायचं, उठायचं ते न्हाणीघरापुरतं. बाळ जितके दिवस आत राहील तितकं चांगलं. खराडीचा त्यांचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, प्रशांत दिवसभर ऑफिसात. मी दुसऱ्याच दिवशी जाऊन तिचे कपडे, लॅपटॉप आणि उशा भरल्या आणि तिला वारज्याला घेऊन आले. गाडीत मागच्या सीटवर आडवी पडून ती मला म्हणाली, "मावशी, आईला काही कळवायचं नाही हं. प्रॉमिस करा." लग्नाच्या आधीपासून ती मला मावशी म्हणते, ते तसंच राहिलं. मी "बरं" म्हटलं. ते "बरं" मी पाळलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझं घर तळमजल्यावर. आतल्या खोलीत तिचा पलंग लावला. डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं होतं, आणि डाव्या कुशीवर वळलं की समोर खिडकी यायची. त्या खिडकीतून काय दिसायचं? इमारत बांधली तेव्हापासून पडलेला राडारोडा. फुटक्या फरशा, सिमेंटचे घट्ट झालेले गोळे, एक मोडका कमोड आणि मागे कंपाउंडची भिंत. पहिल्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले तर ती त्या कमोडकडे टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी असतं तर मला बरं वाटलं असतं. बारा-पंधरा आठवडे या मुलीने हे बघत पडून राहायचं? मी चहा ठेवला, साडीचा पदर खोचला, माळ्यावरून टिकाव आणि घमेलं काढलं आणि मागे गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिसऱ्या दिवशी चौकशीला आले. "मॅडम, ही जागा सोसायटीची आहे, आपल्याला कल्पना असेलच."

"आहे ना. राडारोडाही सोसायटीचाच आहे. कुठे नेऊन ठेवू तेवढं सांगा."

ते म्हणाले, "मीटिंगमध्ये विषय घ्यावा लागेल." मी म्हटलं, अवश्य घ्या, तोवर मी खणते. आठवडाभराने त्यांनीच महापालिकेची गाडी बोलावून ढीग उचलून दिला. मीटिंग झाली की नाही हे मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या दिवसांतलं माझं घर आठवलं की आधी आवाज आठवतात. सकाळी सहाला भिंतीपलीकडच्या शिरीषावर कोकीळ सुरू व्हायचा, आणि तो थांबायच्या आत माझा टिकाव सुरू व्हायचा. साडेनऊला आतल्या खोलीतून अदितीच्या मीटिंगा. ती आडवी पडून, छातीवर लॅपटॉप घेऊन, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांशी इंग्रजीत बोलायची, आणि मध्येच माइक बंद करून ओरडायची, "मावशी, डावीकडे अजून एक फरशी राहिलीय!" खणताना मी तिला दिसायचे आणि तिला त्याचा मोठा आधार वाटायचा, हे तिने मला फार नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त हुकूम सोडायची. जुन्या ओळखीने रोपवाटिकेतून तांबडी माती आणि कुजलेलं शेणखत टेम्पोभर आलं. खिडकीपासून भिंतीपर्यंत मी पाच वाफे पाडले. मेथी, शेपू, लाल माठ, पालक, भेंडी. खिडकीच्या गजांवर चढवायला दुधीचा वेल. कडेने मोगऱ्याची चार रोपं, कारण पोटाला लागतं तसं नाकालाही काहीतरी लागतं. बी पेरल्यावर चौथ्या दिवशी मेथी वर आली तेव्हा अदितीने मीटिंग चालू असताना मला हाक मारली. मी धावत गेले, मला वाटलं पोटात दुखतंय. ती बोट दाखवून म्हणाली, "हिरवं दिसतंय." मग पलीकडच्या माणसांना सॉरी म्हणाली.

खाणं मी माझ्या पद्धतीने करत होते. ज्वारीची भाकरी, शेपू घातलेली मुगाची डाळ, नाचणीचं सत्त्व, दुपारी भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. अदिती न बोलता सगळं खायची, आणि न बोलता खाणाऱ्या माणसाला काहीतरी वेगळं हवं असतं हे मला कळतं. दोन-तीनदा विचारल्यावर म्हणाली, "पंचामृत खावंसं वाटतंय. पण जाऊ द्या." मला वाटलं दूध, दही, मधाचं. तर तसं नाही. त्यांच्याकडे मिरच्या, तीळ, दाण्याचं कूट आणि चिंचगुळाचं एक दाटसर तोंडीलावणं करतात, त्याला पंचामृत म्हणतात. तिने कधी केलं नव्हतं, नुसतं खाल्लं होतं. आता हे करायचं कसं? प्रशांत म्हणाला, मोबाइलवर बघ. मी बघितलं. एका बाईने एक सांगितलं, दुसरीने दुसरं. मला कोणाही बाईच्या हातचं नको होतं. हिला एकाच बाईच्या हातची चव हवी होती. दुसऱ्या दिवशी अदिती मीटिंगमध्ये असताना मी प्रशांतकडून नंबर घेतला आणि मागे मोगऱ्यापाशी उभं राहून सदाशिव पेठेत फोन लावला.

"मी कुसुम बोलतेय. प्रशांतची आई."

"बोला."

"पंचामृत कसं करतात ते विचारायचं होतं."

"पूजा आहे का?"

"तीर्थाचं नाही हो. मिरच्यांचं. ताटात वाढतात ते."

"ते तुम्हाला कशाला हवंय?"

"मला नकोय. तुमच्या मुलीला हवंय."

पलीकडे पंख्याचा कुरकुर आवाज येत राहिला. मग माधवीताई, म्हणजे अदितीची आई, म्हणाल्या, "लहानपणी तर ताटात तसंच टाकून उठायची." आणि लगेच, "लिहून घेताय का? मी दोनदा सांगत नाही." मी तळहातावर लिहून घेतलं. मेथीदाण्याची फोडणी, खोबऱ्याचे पातळ काप, गूळ शेवटी. सांगून झालं आणि फोन बंद. मुलगी कशी आहे हा प्रश्न नाही.

ते पंचामृत आंबटढाण झालं, पण अदितीने पहिलं बोट चाटलं आणि माझ्याकडे बघितलं. कोणाला विचारलंत, असं तिने विचारलं नाही. तोंड खिडकीकडे वळवून तिने वाटी संपवली. मी पुन्हा फोन केला. "आंबट झालं," म्हटलं. "चिंच जुनी असेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जरा पातळ करायचं." मी म्हटलं, पातळ नको, ती आडवी पडून खाते. "आडवी का?" तेव्हा मला सांगावं लागलं. टाका घातलाय, सक्तीची विश्रांती आहे, सहावा चालू आहे. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला फार राग आला. त्या दिवशी मी दोन वाफ्यांतलं तण एका दमात काढलं. पण त्यानंतर दर आठवड्याला मी काही ना काही विचारायला फोन करत राहिले. आमटीचा मसाला, भाजणीचं प्रमाण. त्यांनी एकदाही स्वतःहून केला नाही, आणि माझा फोन एकदाही टाळला नाही.

चैत्र लागला. ऊन चढलं. भेंडीला फुलं आली, दुधीने खिडकीचे गज झाकून टाकले आणि खोलीत हिरवा उजेड पडायला लागला. आम्ही आठवडे मोजत होतो. डॉक्टरांनी सदतीस सांगितले होते, आमचे तेहेतीस पार पडले होते. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी नळाला पाइप लावून वाफ्यांना पाणी देत होते. खिडकीतून अदिती म्हणाली, "मावशी, पाणी."

"हो ग, बंदच करतेय," मी म्हटलं. मला वाटलं पाणी वाफ्याबाहेर वाहतंय.

"मावशी, नळाचं नाही."

पाइप तसाच टाकून मी आत धावले. चादर भिजली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज मीटिंगमधल्यासारखा शांत होता. प्रशांत खराडीला, शहराच्या त्या टोकाला. रिक्षात बसवायची माझी छाती होईना. सेक्रेटरी साहेब जिन्यात पेपर वाचत उभे होते. मी म्हटलं, "गाडी काढा." त्यांनी पेपर तिथेच टाकला. आयुष्यात कधी हॉर्न न वाजवणारा तो माणूस त्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत हॉर्नवर हात ठेवून गेला. मागे अदितीचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि माझ्या हातांचा चिखल तिच्या कपाळाला लागला होता.

बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून लगेच सिझेरियन केलं. मुलगी झाली. पावणेदोन किलोची. मला दाखवली ती एका हिरव्या कापडात, क्षणभर, आणि लगेच आत नेली. माझ्या रोपवाटिकेत मी हजारो नाजूक रोपं हाताळली आहेत, पण इतकं लहान काही मी कधी पाहिलं नव्हतं. प्रशांत पोचला तेव्हा पोरगी काचेच्या पेटीत होती आणि अदितीचं ब्लडप्रेशर इतकं वाढलं होतं की तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, मी आधी कोणाकडे जाऊ?" चौतीस वर्षांचा माझा मुलगा, इतका गोंधळलेला मी त्याला शाळेच्या पहिल्या दिवशीच पाहिला होता. मी म्हटलं, बायकोकडे जा, बाळाकडे मी बघते.

दोन दिवसांनी बाळ आपलं आपण श्वास घ्यायला लागलं. तिथल्या सिस्टर, केरळच्या होत्या, स्वच्छ मराठी बोलायच्या, त्यांनी मला बाजूला घेतलं. बाळाला अंगाची ऊब हवी. कांगारूसारखं. उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, वरून कापड बांधायचं आणि तासन् तास बसून राहायचं. त्याने वजन वाढतं, श्वास नीट चालतो. हे आईने करायचं असतं, पण आई तिकडे सलाइनवर. बापाला सर्दी झालेली, त्याला तर या दारातही उभं करणार नाहीत. "आजी, तुम्ही चालाल," त्या म्हणाल्या. मी हातपाय धुतले, गाऊन घातला, आणि त्यांनी ते एवढंसं बाळ माझ्या छातीवर पालथं ठेवलं. तिचा कान माझ्या काळजावर होता. मी चार तास हलले नाही. उठले तेव्हा पाठ धरली होती आणि पाय बधिर झाले होते. दुसऱ्या दिवशी सहा तास. तिसऱ्या दिवशी उठताना मला घेरी आली आणि सिस्टरांनी मला दंडाला धरून बसवलं. "एका माणसाचं काम नाही हे, आजी. घरात दुसरं कोणी बाईमाणूस नाही का?"

माझी बहीण नागपूरला, गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन पडलेली. दुसरं कोण? बाकावर बसून मी पाणी प्यायले आणि ठरवलं. प्रशांतलाही सांगितलं नाही. भर दुपारी रिक्षा केली आणि सदाशिव पेठेत गेले. आतापर्यंत फोनवर मी चिंच आणि गूळ विचारला होता. हे फोनवर विचारायचं नव्हतं.

माधवीताईंनी दार उघडलं. उंच, कडक, पांढरे केस घट्ट बांधलेले. आम्ही एकमेकींना प्रथमच पाहत होतो, पण नावं विचारायची गरज पडली नाही. "या," म्हणाल्या. मी चप्पल काढली, आत गेले, पण बसले नाही.

"अदिती बाळंत झाली. चार दिवस झाले. मुलगी आहे. अकरा आठवडे तिने कसे काढले तुम्हाला माहीत आहे. आता ती आयसीयूत आहे, उतार पडतोय. बाळ अपुरं आहे. त्याला उघड्या छातीची ऊब द्यावी लागते, दिवसातून आठ-दहा तास. एक छाती माझी आहे. दुसरी हवी आहे."

त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "तिने बोलावलंय?"

"नाही. मी इथे आलेय हे तिला माहीतही नाही."

"मग मी कशी येऊ? लग्नाला आले नाही. आता कोणत्या तोंडाने येऊ?"

"तोंडाचं तिथे काही काम नाही," मी म्हटलं. "बोलायला मनाईच आहे."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण तो हसण्यासाठी की रडण्यासाठी ते मला कळलं नाही. "मला विचार करू द्या," त्या म्हणाल्या.

इथे माझा संयम सुटला. "विचार तुम्ही तीन वर्षं केलात, माधवीताई. मी विनवायला आलेली नाही. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मी परत जाऊन बसते, माझ्याने होईल तितकं करीन. यायचं असेल तर खाली रिक्षा थांबवली आहे. पुढून उघडणारं काही घ्या बरोबर. गाऊन, ब्लाउज, काहीही."

त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, झालं, आता ही बाई बाहेर येत नाही. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पुरुषी शर्ट होता, निळ्या रेघांचा, इस्त्रीच्या घड्या पडून पिवळट झालेला. "यांचा आहे," म्हणाल्या. "हा पुढून उघडतो." गॅस बंद आहे का ते पाहिलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं.

त्या शर्टात, त्या खुर्चीवर बसून, त्यांनी नातीला पहिल्यांदा छातीशी घेतलं तेव्हा मी काचेबाहेर होते. पाठ ताठ, मान ताठ, जणू वर्गात परीक्षा चालू आहे. सिस्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, काहीतरी गुणगुणा, बाळाला आवडतं." थोड्या वेळाने मी आत डोकावले तर त्या पुटपुटत होत्या. कान देऊन ऐकलं. बेचा पाढा. बे एके बे, बे दुणे चार, अगदी संथ, सुरात. बे झाले, तीन झाले, मी पाळी घ्यायला गेले तेव्हा सतरापर्यंत आल्या होत्या. "मला अंगाई येत नाही," त्या मला म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी माझ्या पदराने पुसलं. आज ती नात, रेवा, सहा वर्षांची आहे, गणितात साधारणच आहे, हे इथे नमूद करायला हवं.

हे सगळं असंच गोड होत गेलं असं कोणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. पाचव्या दिवशी अदितीला साध्या खोलीत आणलं. मी तिला सगळं सांगितलं, फोनचंही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तुम्ही प्रॉमिस मोडलंत." मी म्हटलं, हो, मोडलं. माधवीताई दारात आल्या तेव्हा तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तू बाळासाठी आलीस," ती म्हणाली. "माझ्यासाठी आली नाहीस. टाका घेऊन मी तीन महिने पडून होते, तुला माहीत होतं, तरी आली नाहीस. बाळाला घे. त्याला गरज आहे. माझ्याशी बोलू नकोस." माधवीताईंनी मान हलवली आणि त्या बाळाच्या खोलीकडे गेल्या. मला वाटलं होतं, मध्ये पडावं, अदितीची समजूत काढावी. जन्मभर मी हेच करत आले होते, सगळ्यांची समजूत काढणं, कोणाला वाईट वाटू न देणं. त्या दिवशी मी गप्प बसले. मुलगी खरं बोलत होती. खऱ्यावर मी कशाला पांघरूण घालू? एकसष्टाव्या वर्षी शिकले म्हणते ते हे.

अठरा दिवसांनी आम्ही बाळाला घरी आणलं. वजन दोन किलोच्या वर गेलं होतं. माझ्या गैरहजेरीत वाफे सेक्रेटरी साहेबांनी सांभाळले होते, भेंड्या मात्र न तोडल्यामुळे हातभर लांब आणि जून झाल्या होत्या. माधवीताई रोज सकाळी दहाला बसने यायच्या, दोन तास बाळाला छातीशी घ्यायच्या आणि जायच्या. अदिती त्या वेळात डोळे मिटून पडायची. बाळ झोपलं की माधवीताईंना घरात कुठे बसावं कळायचं नाही, म्हणून त्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. मी त्यांच्या हातात खुरपं दिलं. आधी त्यांनी तणाबरोबर माठही उपटला. मी दाखवलं, मग वर्गातल्या हुशार मुलीसारख्या त्या एकेक पान न्याहाळून काम करू लागल्या.

त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असायची. पहिले तीन दिवस मी बघितलं. चौथ्या दिवशी उन्हात काम करून त्या आत आल्या, मी पुढे केलेला तांब्या त्यांनी पाहिला आणि आपली बाटली काढली. पूर्वी मी गिळून टाकलं असतं. मी म्हटलं, "माधवीताई, माझी नात तुम्ही छातीशी धरता. आमचं पाणी चालत नाही?"

त्यांचा चेहरा लालभडक झाला. "पोट बिघडतं माझं, उकळलेलं लागतं," त्या म्हणाल्या. मग बाटली पिशवीत घातली, तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायल्या. खरं कारण पोट होतं की दुसरं काही, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनाही ते नक्की ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून बाटली आली नाही, आणि पोटही बिघडलं नाही.

वैशाखातला एक दिवस. सकाळचे दहा वाजले असतील. प्रशांत ऑफिसला गेलेला. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते, आतल्या खोलीचं दार उघडं होतं. अदिती पलंगावर बसून बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती. दूध धड येत नव्हतं, बाळ रडत होतं, तिचे केस आठवडाभर धुतलेले नव्हते. माधवीताई नेहमीप्रमाणे आल्या, हात धुतले आणि खोलीच्या दारात थांबल्या. नेहमी त्या न बोलता हात पुढे करायच्या. त्या दिवशी तशाच उभ्या राहिल्या.

"लग्नाला मी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसा स्पष्ट आवाज. "आले नाही. कुसुमताईंनी पहिला फोन केला तेव्हा यायला हवं होतं, तेव्हाही आले नाही. लोक काय म्हणतील याचा विचार केला, तुझा केला नाही. चूक माझी आहे. तुझी नाही, या घरातल्या कोणाचीच नाही."

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. बाळ रडायचं थांबलं होतं की मलाच ऐकू येत नव्हतं, सांगता येणार नाही.

"एवढं म्हणायला तीन वर्षं लागली?" अदितीने विचारलं.

"लागली."

अदितीने बाळाकडे बघितलं, मग आईकडे. तिचा राग गेला नव्हता, तो पुढे कितीतरी महिने मधून मधून डोकं वर काढत राहिला. पण ती पलंगावर थोडी सरकली.

"बस," ती म्हणाली. "हिला जरा धर. मला केस धुवायचेत."

माधवीताई बसल्या. मी कुकर उघडला आणि त्यात वाटीभर तांदूळ जास्त घातले.